अस्तित्वात नसलेल्या गुरूचे चरित्र : दोन गौण व्हिडिओ गेम पात्रांविषयीच्या वादाचा इतिहास

प्रस्तावना

लोकरंजनाच्या साधनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच निर्माते, भांडवल, तंत्रज्ञान आणि विक्री यांकडे जाते. त्या साधनांचा उपभोग घेणाऱ्या सामान्य खेळाडूने त्यांचे वाचन कसे केले, हा प्रश्न बहुधा तळटीपेतच राहतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक जाणवते. एखाद्या खेळातील दुय्यम पात्राचे मूळ गाव कोणते, त्याचा गुरू कोण, त्याच्या वस्त्राचा रंग कोणता, यांवर वर्षानुवर्षे हिरिरीने वाद घालणारा चाहता हा थट्टेचाच विषय मानला गेला. तथापि या वादांची कागदपत्रे नीट तपासली, तर त्यांत साधनांची छाननी, पाठभेदांची तुलना आणि अधिकृत विधानाविषयीचा संशय, म्हणजे इतिहासलेखनाची जवळजवळ सर्व हत्यारे वापरलेली दिसतात. ती नेहमीच योग्य रीतीने वापरली गेली असे नाही. पण वापरली गेली.

प्रस्तुत निबंधात अशा दोन पात्रांचा विचार केला आहे. पहिले ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळाशी जोडलेले शेंग लाँग आणि दुसरे ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या खेळाशी जोडलेले अर्मॅक. ज्या खेळांविषयी वाद सुरू झाला, त्या खेळांत ही दोन्ही पात्रे प्रत्यक्षात नव्हतीच. एक भाषांतराच्या चुकीतून जन्मले, तर दुसरे यंत्राच्या हिशेबपत्रकातून. पुढे मात्र निर्मात्यांनीच चाहत्यांच्या कल्पनेला देह दिला. त्यामुळे अफवा आधी आणि तिचा पुरावा नंतर, असा उलटा क्रम येथे आढळतो. इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी गोष्ट ती हीच.

एका विजयोद्गाराचे भाषांतर

जपानमधील ओसाका येथील कॅपकॉम कंपनीने १९८७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ व १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ हे नाणे टाकून खेळावयाचे खेळ प्रसिद्ध केले. दुसऱ्या खेळाची रचना अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांच्या नेतृत्वाखाली झाली. दोन खेळाडूंनी समोरासमोर उभे राहून एकमेकांशी लढावे, ही त्याची मुख्य योजना होती आणि तिच्या यशाने १९९० च्या दशकातील खेळघरांचे रूपच पालटले. लढत संपल्यावर पडद्यावर विजेत्याचा चेहरा, पराभूताचा रक्ताळलेला चेहरा आणि विजेत्याच्या तोंडचे एक वाक्य दिसत असे. पात्रांच्या स्वभावाविषयी खेळात मिळणारी माहिती जवळजवळ एवढीच. बाकी सारे ठोसे आणि लाथा. ज्या खेळात बोलणे इतके थोडे, तेथे प्रत्येक वाक्याला शिलालेखाचे मोल येणे स्वाभाविक होते.

र्‍यू या जपानी योद्ध्याच्या तोंडी असलेल्या एका वाक्याचा मूळ आशय असा : माझ्या ‘शोर्‍यूकेन’चा भेद करू शकत नाहीस तोवर तुला विजयाची आशा नाही. ‘शोर्‍यूकेन’ हा र्‍यूचा खास प्रहार. उसळी मारून वर जात हाणलेला ठोसा. हा शब्द तीन चित्रलिपी चिन्हांचा आहे आणि त्यांचे अर्थ अनुक्रमे वर चढणारा, नाग (ड्रॅगन) आणि मूठ असे आहेत. जपानीत जी चिन्हे वापरली जातात, ती मूळची चिनी असल्याने एकाच चिन्हाचा उच्चार दोन भाषांत वेगळा होतो. पहिल्या दोन चिन्हांचा जपानी उच्चार ‘शोर्‍यू’, तर चिनी उच्चार ‘शेंग लाँग’. इंग्रजी आवृत्तीत ही दोन चिन्हे चिनी पद्धतीने वाचली गेली आणि ‘मूठ’ दर्शविणारे तिसरे चिन्ह गळाले. शिवाय मूळ जपानी क्रियापदाला भेदणे आणि प्रतिस्पर्ध्याला हरविणे असे दोन्ही अर्थ आहेत. परिणामी इंग्रजीत वाक्य उतरले ते असे, की शेंग लाँगला हरविल्याखेरीज तुझा निभाव लागणार नाही.

चूक एका शब्दाची. पण तिने वाक्याचे व्याकरणच बदलले. प्रहाराचे नाव व्यक्तिनाम झाले. ज्याला हरवावयाचे आहे असा कोणी शेंग लाँग या जगात कोठेतरी आहे, आणि तो र्‍यूपेक्षाही श्रेष्ठ असावा, हा अर्थ इंग्रजी वाचकाने काढला, तर त्याला भोळा म्हणता येणार नाही. वाक्याचा दुसरा सरळ अर्थच निघत नव्हता. र्‍यू आणि त्याचा मित्र केन यांचे डावपेच जवळजवळ सारखे आहेत, हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक होते. एकच विद्या दोघांना अवगत असेल, तर गुरूही एकच असला पाहिजे, आणि तो गुरू म्हणजे शेंग लाँग. हा तर्क शालेय वयाच्या मुलांनी केला हे खरे, पण त्यातील प्रत्येक पायरी तपासून पाहता येते. दोष तर्कात नव्हता, पाठात होता.

१९९२ : विनोद, पुस्तिका आणि परस्परविरोधी साधने

अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या मासिकाने एप्रिल १९९२ च्या अंकात शेंग लाँगशी लढण्याची गुप्त युक्ती छापली. सोबत पडद्याची म्हणून काही चित्रे होती. युक्ती अशी : र्‍यूचे पात्र घेऊन एकही फटका न खाता शेवटच्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत, म्हणजे एम. बायसनपर्यंत पोहोचावे. मग त्याच्याशी लढताना फटका मारूही नये आणि खाऊही नये. वेळ संपू द्यावी. अशा दहा फेऱ्या निभावल्या की शेंग लाँग अवतरतो, बायसनला उचलून फेकतो आणि स्वतः लढावयास उभा राहतो. घड्याळ ९९ वर थबकते.

तो एप्रिल फूलचा विनोद होता. युक्ती पाठविणाऱ्या कथित वाचकाच्या गावाचे नाव ‘फुल्डिजेन, एच ए’ असे दिले होते. ते इंग्रजीत मोठ्याने वाचले, तर ‘पुन्हा फसलात, हा!’ असे ऐकू येते. ज्यांनी ते मोठ्याने वाचले नाही, त्यांनी महिनोन्महिने नाणी खर्च केली. इतर काही नियतकालिकांनी तर ही युक्ती पडताळून न पाहता पुढे छापली. मासिकाने खुलासा केला तो त्याच वर्षाच्या डिसेंबर अंकात.

या बनावट युक्तीची बांधणी लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. तिच्या अटी इतक्या कठीण होत्या की त्या पूर्ण करणे जवळजवळ कोणालाच शक्य नव्हते. त्यामुळे ती खोटी ठरविणेही शक्य नव्हते. शेंग लाँग न दिसल्यास दोष खेळाडूच्या कौशल्याकडे जाई, युक्तीकडे नाही. मंत्र फळला नाही तर अनुष्ठानात काही उणे राहिले असावे, असे मानण्याची मनोवृत्ती यंत्रयुगातही तितकीच सशक्त होती. त्याबरोबरच विनोदकाराने चाहत्यांच्या तर्काचाच आधार घेतला होता. र्‍यूच्या वाक्यातून ज्या गुरूचा संशय आला होता, तोच चित्रासह समोर आणला गेला. लेखी साधन आधी होतेच. आता दृश्य साधन मिळाले.

यानंतर जे घडले ते अधिक गुंतागुंतीचे आहे. १९९२ च्या उन्हाळ्यात सुपर निन्टेंडो या घरगुती यंत्रासाठी या खेळाची अमेरिकी आवृत्ती निघाली. तीत र्‍यूचे वाक्य दुरुस्त करण्यात आले. शेंग लाँगच्या जागी ‘ड्रॅगन पंच’, म्हणजे प्रहाराचे इंग्रजी नाव, आले. मूळ चूक अशा रीतीने निर्मात्याकडून मान्यच झाली, असे म्हणता आले असते. परंतु त्याच डब्यात असलेल्या छापील पुस्तिकेत र्‍यू आणि केन यांच्या गुरूचे नाव शेंग लाँग असे दिलेले होते. एकाच कंपनीची, एकाच वर्षाची, एकाच वेष्टनातील दोन अधिकृत साधने परस्परविरुद्ध साक्ष देत होती. पडदा म्हणे असा कोणी नाही. कागद म्हणे आहे.

पुस्तिका ही एप्रिलच्या विनोदानंतरची आहे, हा कालक्रम येथे निर्णायक ठरतो. विनोद वाचलेल्या चाहत्याने पुस्तिका उघडली, तेव्हा त्याला स्वतंत्र दुजोरा मिळाल्यासारखे वाटले असणार. पण तो दुजोरा स्वतंत्र नव्हता. विनोद आणि पुस्तिका या दोहोंचे मूळ १९९१ च्या चुकलेल्या वाक्यातच होते. दोन शाखा एकाच खोडाच्या असताना त्यांना दोन वृक्ष मानणे, ही चूक हस्तलिखितांच्या अभ्यासकांना चांगली परिचित आहे. पाठचिकित्सेत म्हणूनच हस्तलिखितांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची वंशावळ लावणे महत्त्वाचे मानतात.

नावांचा घोळ आणि गौकेन

शेंग लाँगचा प्रश्न मिटला नाही, याला आणखी एक कारण होते आणि ते पूर्णपणे निर्मात्यांच्या वागणुकीतून आले होते. ‘स्ट्रीट फायटर २’ च्या मूळ जपानी आवृत्तीत मुष्टियोद्ध्याचे नाव एम. बायसन असे होते. ते माइक टायसन या प्रसिद्ध मुष्टियोद्ध्याच्या नावाशी व रूपाशी मिळतेजुळते असल्याने अमेरिकेत कायदेशीर कटकट उद्भवेल, अशी धास्ती वाटली. तेव्हा तिघा पात्रांची नावे आपसांत बदलण्यात आली. मुष्टियोद्धा बालरॉग झाला, पंजाधारी स्पॅनिश योद्धा व्हेगा झाला आणि ज्याचे मूळ नाव व्हेगा, तो हुकूमशहा एम. बायसन झाला. जपानी व अमेरिकी खेळाडू एकमेकांशी बोलू लागले की ‘व्हेगा’ म्हणजे नेमका कोण, येथूनच गोंधळ सुरू होई.

या उदाहरणाने चाहत्यांच्या हाती एक बळकट युक्तिवाद दिला. जपानी नाव एक आणि अमेरिकी नाव दुसरे असणे, हा या मालिकेतला शिरस्ताच असेल, तर शेंग लाँग हेही कोणा जपानी पात्राचे अमेरिकी नाव का नसावे? १९९३ च्या सुमारास मासाओमी काँझाकी यांच्या जपानी चित्रकथेत र्‍यू व केन यांचा गुरू गौकेन या नावाने आला होता. पुढे खेळांच्या पार्श्वकथेतही तेच नाव रुजले. गौकेन म्हणजेच शेंग लाँग, असा पक्ष अनेक इंग्रजी वाचकांनी बराच काळ धरून ठेवला. तो सर्वस्वी चुकीचा म्हणावा काय? ‘र्‍यूचा गुरू’ हे स्थान दोघांचे एकच आहे. भेद एवढाच की एकाला जन्म देणारा लेखक होता आणि दुसऱ्याला नव्हता.

१९९४ मध्ये ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’ प्रसिद्ध झाला आणि या वादाला अनपेक्षित वळण मिळाले. विशिष्ट अटी पाळून खेळाडू अखेरच्या लढतीपर्यंत पोहोचला की एक अनोळखी योद्धा पडद्यावर झेपावतो, क्षणार्धात बायसनला लोळवितो आणि खेळाडूसमोर उभा राहतो. हा गौकी, अमेरिकी आवृत्तीत अकुमा. गौकेनचा धाकटा भाऊ आणि त्याच्यावर हात उचलणारा. गडद वस्त्र, तांबडे केस, गळ्यात मोठ्या मण्यांची माळ असे त्याचे रूप होते. मात्र देहाचा बांधा आणि हालचाली र्‍यूच्याच. १९९२ च्या विनोदातील प्रसंगाशी या प्रवेशाचे साम्य इतके उघड आहे की ते कोणाच्याही ध्यानात यावे. अंतिम लढत, गुप्त अटी, बायसनची क्षणात वाताहत, मग अज्ञात श्रेष्ठ योद्धा. विनोदातील आराखडा खेळात जसाच्या तसा उतरला होता. फक्त गुरूच्या जागी गुरूचा घातकी भाऊ आला होता.

चाहत्यांमध्ये यानंतर तट पडले. अकुमा हाच शेंग लाँग, असे काहींनी म्हटले. त्यांचा आधार प्रसंगाचे साम्य हा होता. शेंग लाँग गुरू आणि अकुमा गुरुघातकी, तेव्हा दोघे एक असूच शकत नाहीत, असा दुसऱ्या पक्षाचा प्रतिवाद होता, आणि त्याचा आधार पार्श्वकथा. पहिला पक्ष रूपावरून व कृतीवरून ओळख ठरवीत होता, दुसरा नात्यावरून. देवतांच्या मूर्ती ओळखताना आयुधे प्रमाण मानावीत की कथा, हा मूर्तिशास्त्रातील जुना पेच याहून फारसा वेगळा नाही.

‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ ने १९९७ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ३’ च्या निमित्ताने तोच विनोद पुन्हा केला. १ एप्रिल २००८ रोजी तर खुद्द कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर ४’ मध्ये शेंग लाँग येणार असल्याची थट्टेची घोषणा केली. थट्टा चाहत्यांची होती की स्वतःच्या जुन्या भाषांतराची, हे ज्याने त्याने ठरवावे. २००९ च्या फेब्रुवारीत त्या खेळाची घरगुती आवृत्ती आली, तेव्हा खेळाडूला निवडता येईल असे एक नवे पात्र तीत होते : पांढऱ्या दाढीचा, भरभक्कम शरीराचा वृद्ध गौकेन. अठरा वर्षे ज्याची वाट पाहिली गेली तो गुरू एकदाचा हाती लागला. त्यासाठी पार्श्वकथेला मात्र मुरड घालावी लागली. अकुमाने गौकेनला ठार मारले, असे तोवर सांगितले जात होते. आता तो त्या प्रहारातून वाचला आणि दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत होता, असे ठरले. मृताला जिवंत करण्याचे हे काम निर्मात्यांनी निःसंकोचपणे केले. ज्या चाहत्यांनी पंधरा वर्षे ‘गौकेन मेला’ हे प्रमाण मानून वाद जिंकले होते, ते एका रात्रीत चुकीचे ठरले. त्यांची साधने खोटी नव्हती. ती मागाहून खोटी करण्यात आली.

हिशेबपत्रकातील योद्धा

अर्मॅकची हकीकत तुलनेने सरळ आहे, पण पुराव्याच्या दृष्टीने अधिक बोधक. शिकागो येथील मिडवे कंपनीसाठी एड बून आणि जॉन टोबायस यांनी १९९२ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ तयार केला. खऱ्या नटांच्या हालचालींचे चित्रण करून ती चित्रे संगणकात घेतलेली असल्याने पात्रे छायाचित्रासारखी दिसत. यंत्राची स्मरणशक्ती मर्यादित होती. त्यामुळे डॅनियल पेसिना या एकाच नटाच्या चित्रांना पिवळा रंग देऊन स्कॉर्पियन आणि निळा रंग देऊन सब-झीरो अशी दोन पात्रे बनविण्यात आली. मागाहूनच्या आवृत्तीत हिरव्या रंगाचा रेप्टाइल हा गुप्त योद्धा आला. एका ठरावीक रंगभूमीवर, चंद्रासमोरून छाया सरकत असताना, बचावाचे बटण न दाबता, दोन्ही फेऱ्या एकही फटका न खाता जिंकून शेवटचा घाव घातला, तरच त्याची गाठ पडत असे. ही अट ‘स्ट्रीट फायटर’ च्या बनावट युक्तीइतकीच विचित्र होती. फरक एवढाच की ती खरी होती. म्हणजे विचित्रपणा हा खोटेपणाचा पुरावा मानण्याची सोयही आता उरली नाही.

नाण्याच्या यंत्रांत मालकाच्या सोयीसाठी एक हिशेबपत्रक असते. यंत्र उघडून ते पाहता येते. किती नाणी पडली, किती लढती झाल्या, अशा नोंदी त्यात असतात. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ च्या या पत्रकात रेप्टाइल किती वेळा दिसला, त्याच्याशी किती लढती झाल्या, यांच्या आकड्यांखाली आणखी एक ओळ होती : ‘अर्मॅक्स’. रेप्टाइलच्या नोंदींखाली असलेले अनोळखी नाव हे दुसऱ्या गुप्त योद्ध्याचेच असणार, असे वाचकांनी मानले. प्रत्यक्षात तो बूनने कार्यक्रमात ठेवलेल्या दोषगणकाचा संक्षेप होता. ‘एरर मॅक्रो’ या दोन शब्दांना आखडून केलेली ती खूण होती आणि कार्यक्रमात काही विशिष्ट बिघाड किती वेळा झाला, एवढेच ती मोजत असे.

शेंग लाँगच्या प्रकरणी वाचकांना चुकीचा पाठ मिळाला होता. येथे पाठ अचूक होता. वाचकांना त्याचा प्रकार कळला नव्हता. घरखर्चाच्या वहीतील खूण वंशावळीतील नाव म्हणून वाचली गेली. तरीही सान्निध्यावरून अर्थ लावण्याची त्यांची रीत गैर म्हणता येत नाही. खंडित ताम्रपटातील अनोळखी शब्द शेजारच्या नावांवरूनच लावला जातो, आणि कधी कधी तोही असाच फसतो.

रूपाचा प्रश्न याहून रंजक आहे. अर्मॅक लाल असतो, हे कोणी ठरविले? हिशेबपत्रकात रंग नव्हता. परंतु पिवळा, निळा आणि हिरवा हे क्रमाने आले होते. पुढचा लाल असणे हे जणू गणितच होते. एकाच नटाला रंगवून पात्रे वाढविण्याची निर्मात्यांची काटकसर चाहत्यांनी बरोबर ओळखली आणि त्याच नियमाने त्यांनी न पाहिलेल्या पात्राचे वर्णन केले. १९९३ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ ने एका वाचकाने पाठविलेले लाल योद्ध्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. ते बनावट होते. पण ते पटण्याजोगे होते, कारण खेळाच्या घडणीशी ते सुसंगत होते. रंगाच्या अदलाबदलीवर चालणाऱ्या खेळात रंग बदललेले चित्र खोटे कसे ठरवावयाचे?

१९९५ च्या ‘अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३’ मध्ये निर्मात्यांनी अर्मॅक खरोखरच आणला. तो लाल होता. यंत्रावर दहा अंकी संकेत भरल्यावर तो खुला होत असे. पूर्वचरित्रही चाहत्यांच्या वादाला साजेसे देण्यात आले : युद्धांत मेलेल्या अनेक योद्ध्यांच्या आत्म्यांचा मिळून बनलेला हा एक जीव. पुढील खेळांत तो स्वतःविषयी अनेकवचनात बोलू लागला. (मराठी वाचकाला त्याचे ‘आम्ही’ राजघराण्यातले वाटण्याची शक्यता आहे, येथे मात्र ते शब्दशः बहुवचन आहे.) असंख्य बिघाडांची बेरीज करणारा गणक असंख्य मृतांची बेरीज असलेला योद्धा झाला. ही जुळणी जाणीवपूर्वक केली असो वा नसो, अफवेच्या स्वभावाचे याहून नेमके रूपक शोधून सापडणार नाही. तीही अनेकांच्या तोंडची आणि कोणा एकाची नाही.

नाव ठेवण्याचा अधिकार

पात्राच्या नावावर व स्थानावर खेळणाऱ्यांचा काही अधिकार असतो काय, हा प्रश्न केवळ अमेरिकी मासिकांपुरता नाही. कॅपकॉमनेच १९९३ मध्ये मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेवरून ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ काढला. त्यात निवडता येण्याजोगी चार पात्रे होती. त्यांपैकी पिवळी टोपी घालणारा मुस्तफा कैरो हा कथेचा नायक नव्हे, नायक जॅक. भारतातील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मात्र हा खेळ मूळ नावाने क्वचितच ओळखला गेला. मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत मुले त्याला ‘मुस्तफा’ म्हणत आली. मूळ लेखकाने दिलेली पात्रांची उतरंड येथील खेळाडूंनी कोणतीही चर्चा न करता बदलून टाकली. नाव तोंडात बसणारे होते, पात्र चपळ होते, आणि नाणे आपले होते.

या नामकरणाची नोंद मात्र ना कंपनीच्या दप्तरात सापडते, ना खेळाच्या कार्यक्रमात. ती सापडते ती केवळ ज्यांनी तो खेळला त्यांच्या स्मृतीत. अमेरिकी चाहत्यांना निदान मासिकांची पत्रव्यवहाराची पाने होती. त्यांच्या चुकाही छापल्या गेल्या म्हणून आज तपासता येतात. येथील पार्लर बंद झाली, यंत्रे भंगारात गेली, आणि तेथे कोणते वाद झाले, कोणत्या गुप्त युक्त्या कानोकानी फिरल्या, यांचे लेखी साधन जवळजवळ उरले नाही. त्या पिढीतील माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. मौखिक इतिहासाचे काम करणाऱ्या विभागांनी हे क्षेत्र अद्याप हाताळण्याजोगे मानलेले दिसत नाही.

साधनांचे जतन आणि उलटलेला क्रम

१९९७ पासून विकसित होत आलेल्या ‘मेम’ या अनुकरण-प्रणालीमुळे जुन्या यंत्रांतील मूळ कार्यक्रम त्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांसह आजच्या संगणकावर चालविता येतात. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ च्या एका आवृत्तीत रेप्टाइल नाही आणि दुसरीत आहे, हे त्यामुळे कोणालाही पडताळता येते. हे काम सुरुवातीला विद्यापीठांनी वा कंपन्यांनी नव्हे, तर हौशी लोकांनी केले. ज्या चाहत्यांना गौण पात्रांवर वेळ दवडणारे म्हणून हिणविले गेले, त्याच वर्गातून आवृत्त्यांचे हे संग्राहक निघाले, हा योगायोग नव्हे. आवृत्तीआवृत्तींत भेद असतो, हे त्यांना वादातूनच कळले होते.

कंपन्यांच्या अधिकृत चरित्रांवर विसंबणाऱ्याला उलट अडचणी येतात. त्या चरित्रांत गौकेन प्रथमपासून गुरू आहे आणि अर्मॅक प्रथमपासून आत्म्यांचा समूह. भाषांतराची चूक, पुस्तिकेतील विसंगती, दोषगणक, बनावट छायाचित्र यांपैकी काहीही पात्राच्या जीवनकथेत उमटत नाही. तसे ते उमटू नये हे कथेच्या दृष्टीने योग्यही आहे. पण कथेचा काळ आणि कथा रचली जाण्याचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच्या आधारे दुसऱ्याचा इतिहास लिहिला, तर १९९१ मधील खेळाडू केवळ गोंधळलेला दिसेल. प्रत्यक्षात त्याच्यासमोर जे वाक्य होते, ते त्याने नीट वाचले होते.

अर्मॅक २०२४ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ या खेळासाठी स्वतंत्र दाम घेऊन विकला गेला. त्याचा प्रथम प्रवेश कोणत्या वर्षी मानावा, यावर चाहत्यांचे आजही एकमत नाही. बहुतेक सूचींत १९९५ हे वर्ष आढळते. काही जण मात्र पहिल्या खेळाच्या हिशेबपत्रकाकडे बोट दाखवितात. तेथे, रेप्टाइलच्या दोन नोंदींखाली, ती ओळ अजून आहे आणि तिच्यासमोर बहुधा शून्य असते.